चौकोनी कंसातलं नाव

हालमोश एतेल्काला टोपणनाव सहन होत नसे. एखाद्या पुस्तकावर खोटं नाव आहे अशी नुसती शंका आली, की तिचं जेवणावरून लक्ष उडायचं आणि ट्राममध्ये तिचा थांबा मागे पडायचा. मग चार दिवस, आठ दिवस, एकदा तर पावणेतीन वर्षं ती त्या नावाच्या मागे हात धुऊन लागली होती. खरं नाव सापडलं, की ते कार्डावर बारीक अक्षरात चौकोनी कंसात लिहून टाकायचं. पुस्तकावर छापलेलं नाही पण सूची करणाऱ्याला ठाऊक आहे, असं जे काही असेल ते चौकोनी कंसात लिहायचं, हा आमच्या कामातला जुना रिवाज. एतेल्काच्या कंसांना बुडापेश्तमधल्या सगळ्या ग्रंथालयांत मान होता. कंस काढताना ती पट्टी वापरायची.

बाई दिसायला अगदीच साधी होती. बावन्न वर्षांची, बुटकी, करडे केस मागे घट्ट बांधलेले, कोपरांवर काळं कापड शिवलेला लोकरीचा कोट. नवरा युद्धात डॉन नदीकडे गेला तो परत आलाच नाही. सरकारी कागदांत त्याच्या नावापुढे अजून ‘बेपत्ता’ एवढाच शब्द होता. खरी नावं खणून काढायचं तिचं वेड तिथूनच सुरू झालं, असं तिची टायपिस्ट मैत्रीण पिरोश्का म्हणायची. एतेल्का म्हणायची, “काहीतरी बरळू नकोस. मला ते शाळेपासून आहे.”

आमच्या ग्रंथालयात तेव्हा आजोबांच्या काळचा जर्मन धाटणीचा नियम होता. लेखकाने पुस्तकावर कुठलंही नाव घालू दे, त्याचं कार्ड त्याच्या खऱ्या नावाच्या खणातच जायला हवं. टोपणनावाच्या खणात फक्त एक चिठ्ठी, की बाबा, तिकडे पाहा. हा नियम सगळीकडे असता तर प्रश्न नव्हता. पण एका देशात हा तर दुसऱ्या देशात भलताच, त्यामुळे एकच माणूस व्हिएन्नात एका खणात आणि लंडनला दुसऱ्याच खणात राहायचा. म्हणून जगभरच्या ग्रंथपालांनी ठरवलं की आता सगळ्यांचा मिळून एकच नियम करू. एकसष्टच्या शरदात पॅरिसला मोठी परिषद भरायची होती, आणि त्याआधी मसुदा सगळ्या देशांना पाठवून मतं मागवली होती. नुसती मतं नव्हेत, जमल्यास तुमच्या एखाद्या चालू यादीवर हा नियम लावून पाहा आणि काय अडचणी येतात ते कळवा, असंही पत्रात म्हटलं होतं.

टोपणनावांबद्दल मसुदा म्हणत होता, की लेखक पुस्तकांवर ज्या नावाने ओळखला जातो तेच नाव धरा, त्याच्या पलीकडे खणत बसू नका.

हे वाचून एतेल्काचं डोकं फिरलं. तिने वीस पानांची टिपणी लिहिली. लेखक हा माणूस असतो, मुखवटा नव्हे. मुखवट्यांची सूची करायची असेल तर नाटक कंपनीत जा, असं तिने त्यात लिहिलं, आणि विभागप्रमुख रूझिच्का अंतालने शेवटचं वाक्य तेवढं काढायला लावलं. बाकी टिपणी आमच्या देशाचं अधिकृत मत म्हणून पॅरिसला जायची होती. त्यासाठी फेब्रुवारीतल्या शेवटच्या गुरुवारी दुपारी दोनला समिती बसणार होती.

आणि त्याच आठवड्यात एक पातळ पुस्तक आलं.

‘नावाड्याचा पाचवा हिवाळा’, लेखक बेरेक पाल. मुलांसाठी लिहिलेलं, तिसा नदीवरच्या एका होडीवाल्याची गोष्ट. एतेल्काने दोन पानं वाचली आणि हातातला पोगाचा, तो खारट बिस्किटासारखा पाव, तसाच ठेवून दिला. हा नवा लेखक नव्हे. वाक्य संपवायची ही पद्धत तिने पूर्वी कुठेतरी वाचली होती. मग तिने अर्पणपत्रिका पाहिली. ‘मोनोश्तोर गल्लीतल्या तुतीच्या झाडाला, आणि खाली पडलेल्या तुती वेचणारीला.’

मंगळवारी आणि बुधवारी ती तळघरात होती. बुधवारी दुपारी एक्केचाळीस सालच्या एका पुस्तकात तिला तीच अर्पणपत्रिका सापडली, शब्दन् शब्द तीच. ‘तिसाकाठची गावं’, लेखक सालोंताय देझो. ती वर आली ती नाकावरच्या धुळीसकट हसत आली. पट्टी घेतली, कार्डाच्या कच्च्या चिठ्ठीवर बेरेक पाल लिहिलं, पुढे कंस काढला, त्यात सालोंताय देझो लिहिलं, कंस मिटवला. चिठ्ठी यादीत टाइप करायला पिरोश्काच्या टेबलावर ठेवली आणि घरी जाऊन टोमॅटो-मिरचीचा लेचो करून दोन वेळा वाढून घेतला.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता पिरोश्का टेबलाशीच डुकराची चरबी लावलेला पाव आणि कांदा खात बसली होती. खाता खाता तिने विचारलं, “एतुश, तुझ्या त्या सालोंतायचं काय चाललंय गं हल्ली? सुटला म्हणे.”

“सुटला असेल. का?”

“नाही, काल संध्याकाळी नाव टाइप केलं त्याचं, म्हणून आठवण झाली. म्हटलं, बाहेर येऊन वर्ष झालं नाही तोवर परत आत जायची हौस आली की काय माणसाला.”

एतेल्का खुर्ची मागे सारून उभी राहिली.

तिला हे ठाऊक नव्हतं असं नाही. सगळ्या शहराला ठाऊक होतं. सालोंताय देझो हा सोल्नोकचा शाळामास्तर. छप्पनच्या त्या शरदात, उठावाच्या दिवसांत, त्याने बाजारचौकात उभं राहून एक कागद वाचून दाखवला, आणि त्या कागदापायी अडीच वर्षं तुरुंगात काढली. सुटताना त्याच्याकडून लिहून घेतलं होतं, की छापण्यासाठी एक ओळही लिहिणार नाही. कुण्या भल्या संपादकाने त्याला दुसऱ्या नावाने मुलांचं पुस्तक लिहायला दिलं असणार, हे शेंबड्या पोराला कळलं असतं. फक्त एतेल्काला कळलं नाही. काल कंस काढताना सालोंताय देझो हा तिच्या लेखी माणूसच नव्हता. खणातली एक जागा होती, आणि ती जागा बरोबर भरली याचा तिला आनंद झाला होता. आता त्या आनंदाची तिला किळस आली.

“यादीचं स्टेन्सिल कुठे आहे?” तिने विचारलं.

“खाली. उद्या सकाळी सात वाजता यंत्रावर चढेल.”

“आणि प्रूफ?”

“नेहमीचंच. एक अंतालकडे, एक हिरव्या फायलीत गोम्बोशकडे.”

गोम्बोश हा मंत्रालयाचा माणूस. आमची नव्या पुस्तकांची पाक्षिक यादी त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापली जात नसे. छापली की सहाशे प्रती निघायच्या. त्या ग्रंथालयांत जायच्या, प्रकाशकांकडे जायच्या, परदेशी जायच्या, आणि जिथे जिथे सरकारी माणूस खुर्ची टाकून बसला आहे तिथे जायच्या.

“टाइप करताना बोलली का नाहीस?” एतेल्काचा आवाज चढला.

“मी?” पिरोश्काने पाव खाली ठेवला. “तू पट्टीने कंस काढलास की मी कोण बोलणारी? मागे एकदा बोलले होते, तर तीन आठवडे माझ्याशी अबोला धरला होतास. मला वाटलं तुला काहीतरी ठाऊक असेल. त्याला माफी मिळाली असेल, काही असेल.”

एतेल्का दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

तुम्ही म्हणाल, खाली जाऊन स्टेन्सिल फाडून टाकायचं, झालं. तसं नव्हतं. प्रूफ एकदा गोम्बोशकडे गेलं, की त्यातला एक शब्दही दुरुस्तीच्या वहीत कारण लिहिल्याशिवाय बदलता येत नसे, आणि ती वही गोम्बोशच वाचायचा. एतेल्काच्या कंसात सव्वीस वर्षांत चूक निघालेली नव्हती. आज चूक झाली म्हणून लिहिलं असतं, तर त्याने पहिला प्रश्न हाच विचारला असता की कुठली. तो कंस पुसायला गेलं तर अधिकच ठळक होणार होता.

पावणेदोनला अंताल एकदाचा त्याच्या खोलीत सापडला. तो पोटदुखीची पूड पाण्यात ढवळत होता.

“अंताल, मला पाच मिनिटं द्या.”

“सभेनंतर.”

“सभेआधी हवी आहेत.”

“एतेल्का, सभेत तुमचीच टिपणी आहे. दहा मिनिटांत मंजूर करू आणि मोकळे होऊ. गोम्बोश येऊन बसलाय. मला आज कटकट नको.” त्याने डोळे मिटून पूड घशाखाली लोटली, आणि तिच्याकडे न पाहताच कागद गोळा करू लागला.

सभेच्या खोलीत फरशांची उंच शेगडी होती, लांब टेबल होतं आणि भिंतीवर रशियन क्रांतीच्या पुढाऱ्याची ती नेहमीची तसबीर होती: टक्कल, टोकदार दाढी, डोळे किंचित बारीक केलेले. टेबलाभोवती सातजण बसले. गोम्बोश शेगडीच्या बाजूला. चाळिशीचा, सर्दीने नाक लाल झालेला, बोलायला मऊ. मंत्रालयात जायच्या आधी तो छापखान्यात खिळे जुळवायचा, आणि प्रूफ वाचणं ही त्याची नोकरी नव्हती, नशा होती. सभांमध्ये दुसरे लोक बोलत असताना तो ओळीखाली कार्डाचा तुकडा धरून एकेक ओळ वाचायचा आणि लाल पेन्सिलीने खुणा करायचा.

हिरवी फाइल त्याच्यासमोर उघडी होती. एतेल्का त्याच्या अगदी समोर बसली, आणि तिला उलटी अक्षरं वाचायची सवय होती. तो चौथ्या पानावर होता. बेरेक पाल अकराव्या पानावर, वरून तिसरा.

सभा सुरू झाली. संस्थांची नावं कशी लिहायची यावर एक म्हातारे प्राध्यापक बोलू लागले. गोम्बोशने पाचवं पान उलटलं. अनुवादांबद्दल कुणी काही विचारलं, अंतालने उत्तर दिलं. सहावं. सातवं. आठव्या पानावर त्याला एक चूक सापडली आणि तो समाधानाने शिंकला. एतेल्काने टेबलाखाली दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले होते. तिच्या मनात एकच हिशेब चालला होता, की एका पानाला चार मिनिटं, उरली तीन पानं.

त्याने दहावं पान उलटायला बोट ओलं केलं, तेवढ्यात अंताल म्हणाला, “पुढचं कलम टोपणनावांचं. हालमोशबाईंची टिपणी सगळ्यांनी वाचलीच आहे. माझ्या मते चर्चा न करता—”

“मी ती टिपणी मागे घेते,” एतेल्का म्हणाली.

म्हातारे प्राध्यापक कानामागे हात धरून शेजाऱ्याला म्हणाले, “काय म्हणाल्या?”

“मागे घेते म्हणाले,” एतेल्का उठून उभी राहिली. “मसुदा बरोबर आहे. माझं चुकलं होतं.”

गोम्बोशची पेन्सिल थांबली. त्याने मान वर केली, आणि तिच्याकडे असं पाहिलं की जणू खोलीतली शेगडीच बोलली.

“गेल्या महिन्यात तुम्ही वीस पानं लिहिलीत,” तो म्हणाला. “मी वाचली. फार पटली मला. लेखक हा माणूस असतो, मुखवटा नव्हे. माणसाने केलेल्या कामाची जबाबदारी त्याच्या खऱ्या नावावर पडायला हवी. तुमचंच वाक्य आहे हे, बाई.”

“माझंच आहे.”

“मग महिन्याभरात काय झालं?”

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. खरं उत्तर अकराव्या पानावर होतं. तिने वर पाहिलं तर समोर भिंतीवर ते टोकदार दाढीवाले गृहस्थ.

“कॉम्रेड गोम्बोश,” ती म्हणाली, “यांच्या पुस्तकांची कार्डं आमच्याकडे कुठल्या खणात आहेत, ठाऊक आहे तुम्हाला?”

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या.

“हा काय प्रश्न झाला? त्यांच्या नावाच्या.”

“कुठल्या नावाच्या? जगाला जे ठाऊक आहे, ते त्यांना आईबापांनी दिलेलं नाही. आमच्या नियमाप्रमाणे त्यांचं कार्ड त्यांच्या घरच्या नावाखाली जायला हवं, आणि ज्या नावाने त्यांना सगळं जग ओळखतं तिथे फक्त चिठ्ठी. तसं केलं तर तुम्ही मला काय म्हणाल? म्हणून आम्ही गुपचूप अपवाद केला. इथे बसलेल्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण कुणी लिहीत नाही. आता पॅरिसला विचारतील, तुमचा नियम काय? मी वीस पानं वाचून दाखवू, आणि मग त्यांनी या तसबिरीचं विचारलं तर काय सांगू?”

कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. एतेल्काने टेबलाची कड धरली होती. हे बोलणं दोन्ही बाजूंनी कापणारं होतं, ते तिला कळत होतं.

गोम्बोशने नाक पुसलं. रुमाल घडी करून खिशात ठेवायला त्याने फार वेळ घेतला. “मुद्दा आहे,” तो शेवटी म्हणाला. “हे आधी कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?”

“आलं होतं,” म्हातारे प्राध्यापक मोठ्यांदा म्हणाले, आणि शेजाऱ्याने त्यांना कोपर मारलं.

“तर मग मसुद्याच्या बाजूने,” अंताल घाईघाईने लिहू लागला.

“अजून एक,” एतेल्का बसली नाही. “पत्रात म्हटलंय की चालू यादीवर प्रयोग करून कळवा. आपण नेहमी म्हणतो बघू, आणि शेजारचे देश आधी कळवून मोकळे होतात. उद्याची यादी अजून छापलेली नाही. तिच्यात चार टोपणनावं आहेत. नव्या नियमाने करू. सोमवारी पॅरिसला पत्र जाईल.”

“उद्याची?” अंतालने चष्मा काढला.

“चार कोणती?” गोम्बोशने विचारलं. अगदी सहज विचारलं. त्याचा हात फायलीवर होता.

एतेल्काला सगळी यादी पाठ होती. “पान दोन, ती भरतकामाची बाई. पान सहा, बुद्धिबळावर लिहिणारे डॉक्टर. पान चौदा, विनोदी कविता.”

“ही तीन झाली.”

“पान अकरा. बेरेक पाल.”

“म्हणजे कोण?”

सव्वीस वर्षं हा प्रश्न तिने जगाला विचारला होता.

“नव्या नियमाप्रमाणे,” ती म्हणाली, “तो प्रश्न विचारायचा नाही.”

म्हातारे प्राध्यापक खो खो हसले. मग बाकीचेही हसले, जरा जास्तच, सुटल्यासारखे. गोम्बोशही हसला, पण हसता हसता त्याच्या बोटाने दहाव्या पानाचा कोपरा वर उचलला होता. एतेल्का त्या कोपऱ्याकडे पाहत राहिली.

“आणा इकडे ती फाइल,” अंतालने टेबलावरून हात लांब केला. “चार ठिकाणी बदलणार म्हणजे प्रूफच रद्द. चुकीचं प्रूफ वाचून डोळे कशाला शिणवता? त्यात तुम्हाला सर्दी.”

गोम्बोशने फाइल लगेच सोडली नाही. क्षणभर दोघांचेही हात तिच्यावर होते. “नऊ चुका काढल्यात मी,” तो जरा रुसून म्हणाला. “तेवढ्या तरी करून घ्या.”

“एकूण एक,” अंताल म्हणाला, आणि फाइल काखेत मारली.

सभा संपल्यावर बोळात अंतालने ती एतेल्काच्या हातात दिली.

“अकराव्या पानाबद्दल मला काही सांगू नका,” तो म्हणाला. “काही म्हणजे काही.”

ती थांबली. “तुम्ही वाचलं होतं?”

“मी प्रूफ वाचतो, एतेल्का. पगार त्याचाच घेतो.”

“कधी?”

“सकाळी आठ वाजता.”

“आणि?”

“आणि पोटाची पूड घेतली.” तो तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहत होता. “दोन पोरी आहेत मला.”

एतेल्काला त्याचा संताप आला. तिने तोंड उघडलंही. मग तिला आठवलं की कंस याने काढलेला नाही, आपण काढला आहे, आणि तोही पट्टीने. ती टायपिंगच्या खोलीकडे गेली. पिरोश्काने चार वाजायच्या आत नवं स्टेन्सिल कापलं. जुनं स्टेन्सिल आणि दोन्ही प्रूफं शेगडीत गेली. उरली एतेल्काच्या हातची कच्ची चिठ्ठी.

“तीही टाक,” पिरोश्का शेगडीचं दार उघडं धरून म्हणाली. “टाक गं. वाट कसली पाहतेस?”

टाकायलाच हवी होती. एतेल्काने हात पुढेही केला. पण कार्ड बरोबर होतं. तिने जन्मात बरोबर कार्ड फाडलं नव्हतं. “टाकते,” म्हणाली, आणि पिरोश्का कोळसा आणायला वळली तेव्हा चिठ्ठी बाहीत सरकवली. घरी ती खसखशीच्या डब्यात गेली, खाली, खसखशीच्या आत. हा शुद्ध गाढवपणा होता, आणि तो तिने डोळे उघडे ठेवून केला.

शरदात पॅरिसला तसाच नियम ठरला. एतेल्काला कुणी नेलं नाही. अंताल जाऊन आला आणि तिच्यासाठी साबणाची वडी घेऊन आला. इकडे बुडापेश्तमध्ये सगळीकडे बोभाटा झाला, की हालमोशबाई आता शोध घेत नाही, म्हातारी झाली, मऊ पडली. दुसऱ्या ग्रंथालयांतली तरणीताठी माणसं मुद्दाम फोन करून एखादं टोपणनाव सांगायची आणि विचारायची, “हे कोण हो, एतेल्कामावशी?” ती म्हणायची, “मला काय ठाऊक,” आणि फोन ठेवायची. हे तिला फार लागायचं. पट्टी तिने खणात टाकून दिली होती.

त्रेसष्टच्या मे महिन्यात, एका मंगळवारी, ती सूचीच्या दालनात वाचकांच्या शंकांच्या टेबलाशी बसली होती. एक उंच, वाकलेला माणूस समोर येऊन उभा राहिला. हातात टोपी, कोट दोन हिवाळे जास्त वापरलेला. त्याने वाचकाचा परवाना टेबलावर ठेवला. सालोंताय देझो.

एतेल्काने परवाना दोनदा वाचला. पलीकडे कार्डांच्या खणांशी चार वाचक होते, आणि दाराशी पहारेकरी.

“बोला,” ती म्हणाली.

“एक लेखक आहे, बेरेक पाल,” तो म्हणाला. आवाज शिक्षकाचा होता, मागच्या बाकापर्यंत जाणारा. तो मुद्दाम हळू केलेला होता. “आतापर्यंत तीन पुस्तकं झाली त्याची. हा आहे कोण?”

“पुस्तकावर आहे तोच. बेरेक पाल.”

“मी ऐकलं होतं, तुमच्यापासून टोपणनाव लपत नाही.”

“पूर्वी.”

“पहिल्या पुस्तकाची अर्पणपत्रिका पाहिली होतीत का? तुतीच्या झाडाची?”

खणांशी उभा असलेला एक वाचक खोकला. एतेल्का म्हणाली, “रोज पन्नास पुस्तकं येतात. अर्पणपत्रिका वाचत बसले तर झालंच.”

तो मान हलवत राहिला. “ते झाड त्या लेखकाने मुद्दाम ठेवलं होतं. म्हणजे, असं ऐकलं मी. छप्पनपासून त्याला कुणी त्याच्या नावाने ओळखलं नव्हतं. त्याला वाटलं, हंगेरीत एक तरी बाई अशी आहे की तिला हे झाड आठवेल. यादी निघाली तेव्हा त्याने भीत भीत उघडली, की आता आपण मेलो. बघतो तर काहीच नाही, नुसतं बेरेक पाल. जीव भांड्यात पडला त्याचा.” त्याने टोपी दुसऱ्या हातात घेतली. “आणि मग, म्हणे, तो रात्रभर बसून राहिला. म्हणाला, म्हणजे आता कुणालाच आठवत नाही.”

एतेल्काला रागाने घाम फुटला. या माणसापायी तिने आपली वीस पानं गिळली होती, तसबिरीकडे बोट दाखवलं होतं, दोन वर्षं पोरासोरांचं हसू अंगावर घेतलं होतं. आणि याने ते झाड हौसेने लावलं होतं.

“तो लेखक गाढव आहे,” ती म्हणाली.

“असेल,” तो म्हणाला, आणि परवान्यासाठी हात पुढे केला.

“थांबा. पुस्तक हवंय ना? मागणीची चिठ्ठी भरावी लागते. मी भरते.”

तिने कोरी चिठ्ठी ओढली. लेखकाच्या रकान्यात लिहिलं, बेरेक पाल. मग टेबलाचा खण उघडून आतून पट्टी काढली, पुसली, आणि नावापुढे एक चौकोनी कंस काढला. आत काही लिहिलं नाही. सालोंताय देझो एवढे दोन शब्द मावतील तेवढी जागा मोजून सोडली आणि कंस मिटवला. मग चिठ्ठी त्याच्याकडे फिरवली.

तीस वर्षं ग्रंथालयाची कार्डं चाळलेला माणूस होता. चौकोनी कंसात काय लिहितात, हे त्याला शिकवावं लागलं नाही. त्याने त्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवलं.

“केव्हापासून?” त्याने ओठही न हलवता विचारलं.

“पुस्तक आलं त्या आठवड्यापासून,” ती म्हणाली. “मागणीची खिडकी डावीकडे.”

तो डावीकडे गेला नाही. त्याने चिठ्ठीची घडी केली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि टोपी घालून पहारेकऱ्यासमोरून निघून गेला.